विंडोज, मॅक की लिनक्स? वाद यंत्राचा, प्रश्न अक्षराचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत उत्तम चालणारा संगणक एका दिवसात 'जुना' ठरला. नवा घ्यावा, मॅककडे वळावे की त्याच यंत्रावर लिनक्स टाकून पाहावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. या निमित्ताने तीन प्रणालींच्या जुन्या वादाचा आणि त्या वादात मराठीच्या वाट्याला काय आले याचा हा आढावा.

संगणकाच्या कार्यप्रणालीवरून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'ऑपरेटिंग सिस्टिम'वरून होणारे वाद हे क्रिकेटवरच्या वादांसारखे असतात. प्रत्येकाचा पक्ष आधीच ठरलेला असतो आणि युक्तिवाद नंतर शोधले जातात. मॅकवाला देखणेपणाचा आणि स्थैर्याचा दाखला देतो. लिनक्सवाला स्वातंत्र्याची आणि व्हायरसपासून मिळणाऱ्या सुटकेची बाजू मांडतो. विंडोजवाला फारसे बोलतच नाही. 'सगळ्यांकडे हेच आहे' एवढे एकच वाक्य त्याला पुरते. लोकलच्या डब्यात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि कार्यालयातील जेवणाच्या सुटीत हा वाद गेली दोन-अडीच दशके रंगत आला आहे.

मात्र ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या मध्यमवर्गीय शहरांमध्ये या वादाचा निकाल यंत्रांच्या गुणावगुणांवर लागला नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, मुलांना शिकवणार कोण आणि त्यावर मराठी मजकूर तयार करून छापता येणार की नाही, या तीन प्रश्नांनी तो ठरवला. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाची चर्चा सर्वांत कमी झाली आणि त्याची किंमत मात्र सर्वांत जास्त मोजावी लागली.

सुटे भाग आणि जुळणी

विंडोज घराघरांत का पोहोचली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. वेळ वाचवण्यासाठी कंपनीने त्यात बाहेरचे तयार भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा होता, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि यंत्राची अंतर्गत रचनाही आयबीएमने छापून प्रसिद्ध केली होती. खास तिची म्हणावी अशी एकच महत्त्वाची गोष्ट उरली होती. ती म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वप्रथम चालणारी 'बायोस' ही छोटी आज्ञावली. कॉम्पॅक या कंपनीने १९८२ मध्ये तिच्याशी सुसंगत अशी आज्ञावली स्वतः नव्याने लिहून घेतली आणि आयबीएमसारखा, पण आयबीएमचा नसलेला संगणक जाहीर केला. त्यानंतर हा मार्ग सर्वांनाच खुला झाला. मदरबोर्ड एकाचा, हार्ड डिस्क दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे आणि हे सारे एकत्र चालणारे, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली.

'असेम्बल्ड' संगणकाचा जन्म या व्यवस्थेतून झाला. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड ही त्याची पेठ. डोंबिवलीहून निघालेल्या तरुणाने दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडावी, ग्रँट रोडला जाऊन चार दुकानांत भाव विचारावेत आणि मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क पिशवीत घालून परतावे, हा त्या काळी सर्वपरिचित प्रवास होता. रविवारी कुणाच्या तरी घरी जुळणी होई. १९९०च्या दशकाचा उत्तरार्ध आणि पुढची दहा वर्षे हा या धंद्याचा बहराचा काळ. स्थानकाजवळच्या गाळ्यांतून आणि इमारतींच्या तळमजल्यांवरून संगणक जोडून देणारे, घरी येऊन दुरुस्त करणारे तरुण उभे राहिले. २००५च्या आसपास भारनियमनाने ठाणे जिल्हा हैराण झाला, तेव्हा संगणकाबरोबर यूपीएस घेणे अपरिहार्य झाले. त्याची बॅटरी बदलून देणाराही हाच तरुण असे.

मॅकिंटॉशची रीत याच्या अगदी उलट. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने आणलेल्या या यंत्रात यंत्रभाग आणि कार्यप्रणाली दोन्ही एकाच कंपनीचे. १९९५ ते १९९७ या काळात ॲपलने इतर उत्पादकांना मॅकसारखी यंत्रे बनवण्याचा परवाना देऊन पाहिला. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतल्यावर ती वाट बंद झाली. यंत्र आणि आज्ञावली एकाच हाताने घडल्यामुळे मॅक सुरळीत चालतो, हा त्याचा खरा गुण आहे. परंतु त्याच कारणामुळे त्याचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नसे. ॲपलने भारतातील आपले पहिले स्वतःचे दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते १८ एप्रिल २०२३ रोजी. तोवर मॅकचा ग्राहक विक्रेते आणि सेवाकेंद्रे यांच्यावरच अवलंबून होता. ज्या घरात आयुष्यातला पहिलाच संगणक येत होता आणि तोही हप्त्यांवर, तेथे या दोन रीतींमध्ये निवड करण्यास फारसा वाव नव्हता.

छपाईच्या खोलीत

एका क्षेत्रात मात्र मॅकचा मान निर्विवाद होता. ॲपलचा लेझररायटर मुद्रक आणि आल्डस कंपनीची पेजमेकर ही आज्ञावली १९८५ मध्ये एकत्र आली आणि 'डेस्कटॉप पब्लिशिंग' म्हणजे डीटीपी या व्यवसायाचा जन्म झाला. खिळे जुळवण्याची गरज संपली. पान पडद्यावर जसे दिसते तसे कागदावर उमटू लागले. जाहिरात संस्था आणि मोठी प्रकाशने यांच्या कलाविभागांत मॅक स्थिरावला तो त्यामुळेच.

उपनगरांतला डीटीपीचा व्यवसाय मात्र विंडोजवर वाढला. पेजमेकर विंडोजसाठीही उपलब्ध झाले होते, कोरलड्रॉ तर विंडोजवरच वाढले आणि मराठीसाठी श्री-लिपी, आकृती आणि पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम अशी साधने मिळू लागली. ठाण्याच्या नौपाड्यातील गल्ल्या असोत की डोंबिवली पूर्वेकडील स्थानकाचा परिसर, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि कवितासंग्रह अशा खोल्यांतून बाहेर पडू लागले. संस्थांची आणि वाचनालयांची दाट वस्ती असलेल्या या शहरांत अशा कामाला तोटा नव्हता.

त्यातच २००१ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक हाताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर गावोगावच्या केंद्रांतून हजारो लोक संगणक शिकले. शिकले ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. ज्या पडद्यावर मनुष्य पहिल्यांदा शिकतो, त्यालाच तो 'संगणक' समजतो. दुरुस्तीचा आणि शिक्षणाचा असे दोन्ही प्रश्न विंडोजच्या बाजूने सुटले होते.

मराठी दिसत होती, साठवली जात नव्हती

तिसरा प्रश्न मराठी मजकुराचा. तोही सुटला आहे असे त्या वेळी सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात येथेच मोठी फसगत झाली.

संगणक अक्षरे ओळखत नाही; तो आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते अक्षर, हे आधी ठरवून द्यावे लागते. इंग्रजीसाठी हा संकेत फार पूर्वीच ठरला होता. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' हा संकेत प्रमाणित केला. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलकही प्रमाण ठरला होता. परंतु बाजारातील बहुतेक मराठी फॉन्टनी निराळीच युक्ती केली. इंग्रजी अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी राखून ठेवलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे 'क'चा अर्धा भाग, कुठे काना, कुठे रफार. पडद्यावर 'कल्याण' दिसे, पण फाइलीत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट हा जणू मुखवटा होता. तो काढला की खाली अर्थहीन अक्षरांची रांग उरे.

प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा होता. एका फॉन्टमध्ये ज्या जागी 'म' होता, तेथे दुसऱ्यात 'ष' असे. त्यामुळे ठाण्यातील एका डीटीपी केंद्रात जुळवलेला मजकूर कल्याणच्या दुसऱ्या केंद्रात उघडेलच याची खात्री नसे. मजकुरात शब्द शोधता येत नसे, याद्या अकारविल्हे लावता येत नसत, ईमेलने पाठवलेले पत्र समोरच्याला वाचता येत नसे. लेखक हस्तलिखित देई, केंद्र मजकूर जुळवून मुद्रिते देई, पुस्तक छापले जाई. आणि काही वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की सारा मजकूर पुन्हा टाइप करावा लागे.

महाजालावर तर ही अडचण आणखी ठळकपणे दिसली. सुरुवातीच्या काळात मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी आपापले फॉन्ट वापरले. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा आणि मग बातमी वाचायची. पुढे 'डायनॅमिक फॉन्ट' आले. ते पानाबरोबर आपोआप येत. पण मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बनवलेले असे फॉन्ट इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालत. लिनक्सवरील किंवा मॅकवरील वाचकाला त्याच पानावर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. प्रणालींचा वाद तोवर आवडीनिवडीचा होता. आता मात्र मातृभाषेतली बातमी वाचता येणार की नाही, हेही तुमच्या टेबलावर कोणता संगणक आहे यावर ठरू लागले.

कर्जतच्या लोकलने नेरळला उतरणाऱ्या प्रवाशाला ही स्थिती चटकन समजेल. नेरळपर्यंत मोठ्या रुळांवरून आलेली गाडी माथेरानच्या अरुंद रुळांवर चढू शकत नाही. सामानासकट उतरून दुसरी गाडी पकडावी लागते. मराठी मजकुराच्या वाटेवर प्रत्येक फॉन्ट कंपनीने आपले स्वतंत्र रूळ टाकले होते आणि दर स्थानकावर नवे नेरळ उभे होते.

युनिकोडने काय केले?

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला क्रमांक द्यायचा, हे त्याचे साधे तत्त्व. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारे करण्यात आली. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'ळ'चा २३५५. हे क्रमांक विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर सारखेच. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही.

क्रमांक मिळाला म्हणून काम संपत नाही. ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला जातो, पण त्याच्या आधी लिहिला जातो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'क' आणि 'ष' एकत्र आले की 'क्ष' व्हावा लागतो. ही जुळणी कार्यप्रणालीने करायची असते. येथे तिन्ही प्रणालींची खरी कसोटी लागली.

विंडोजमध्ये ही सोय प्रथम विंडोज २००० मध्ये आली. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ज्याच्याकडे मूळ सीडीच नव्हती, आणि असेम्बल्ड यंत्रांच्या मालकांत असे पुष्कळ होते, त्यांच्या पडद्यावर इकार भलत्याच जागी दिसत राहिले. लिनक्सवर ग्नोम या प्रणालीतील पँगो या घटकाने हे काम याच सुमारास सुरू केले. मॅकमध्ये देवनागरीची स्वतःची चांगली व्यवस्था होती, पण ती निराळ्या तंत्राची असल्यामुळे विंडोजसाठी घडवलेले देवनागरी फॉन्ट तेथे बराच काळ नीट उमटत नसत. २०११च्या लायन या आवृत्तीपासून ही अडचण सरली. व्यावसायिक छपाईत तर आणखी उशीर झाला. पेजमेकरला देवनागरी युनिकोड कधीच नीट जमले नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२च्या आवृत्तीत आली. डीटीपी केंद्रे जुन्या फॉन्टना इतकी वर्षे का चिकटून राहिली, याचे उत्तर त्यांच्या आळसात नसून येथे आहे.

मराठीच्या खास गरजा तर त्याहून उशिरा ध्यानात घेतल्या गेल्या. विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल या फॉन्टमधील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदी होते. मराठी वाचकाला पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हवा असतो. ६ नोव्हेंबर २००९ रोजी राज्य शासनाने मराठी वर्णमालेसंबंधीचा शासननिर्णय काढून ही वळणे निश्चित केली. 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हाही मराठीचा खास विषय. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद त्यावरच अवलंबून आहे. तो टाइप कसा करायचा हे कित्येकांना अनेक वर्षे उमगले नव्हते.

लिनक्सची बाजू आणि तिची मर्यादा

या तिसऱ्या प्रश्नावर लिनक्सची बाजू तत्त्वतः सर्वांत बळकट होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जी प्रणाली झाली, तिचा मूळ मजकूर कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो. याचा मराठीच्या दृष्टीने अर्थ असा की, एखादी कंपनी बाजारपेठेचा विचार करून मराठी केव्हा आणेल याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याला गरज आहे त्याने भाषांतर करावे, फॉन्टमधील चूक दुरुस्त करावी आणि ते सर्वांना द्यावे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि ग्नोम यांची मराठी रूपे अशाच प्रयत्नांतून घडली. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी 'बॉस' ही लिनक्स प्रणाली आणली. ठाण्याच्या शेजारीच, पवईच्या आयआयटीमध्ये मुक्त आज्ञावलींचा प्रसार करणारा फॉसी प्रकल्प आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रफितींतून संगणक शिकवणारा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा राहिला. २००४ मध्ये उबुंटू आले तेव्हा त्याच्या सीडी मागणी नोंदवताच टपालाने फुकट घरी येत. ती योजना २०११ पर्यंत चालली.

मग लिनक्स घरोघरी का पोहोचले नाही? कारणे मघाच्याच प्रश्नांत आहेत. कोपऱ्यावरच्या दुरुस्ती करणाऱ्याला ते येत नव्हते. संगणक वर्गात ते शिकवले जात नव्हते. दुकानदाराची टॅली, डीटीपीवाल्याचे कोरलड्रॉ आणि पेजमेकर, शिवाय विकत घेतलेल्या मराठी फॉन्टचे कुलूप हे सारे विंडोजशी बांधलेले. मुद्रक किंवा मोडेम लिनक्सवर चालेल की नाही, याची शाश्वती नसे. आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी : परवान्याविना टाकलेली विंडोज फुकट मिळत असल्यामुळे 'लिनक्स फुकट आहे' या युक्तिवादात जोर उरला नव्हता. जी किंमत लोक मोजतच नव्हते, ती वाचवण्याचे आकर्षण त्यांना कसे वाटणार?

व्हायरसबाबतचा लिनक्सचा दावा बराचसा खरा आहे. सामान्य वापरकर्त्याला यंत्रात हवे ते बदल करण्याचा अधिकार तेथे आपोआप नसतो आणि आज्ञावल्या सहसा विश्वासू भांडारातूनच घेतल्या जातात. मात्र घरगुती लिनक्स यंत्रे संख्येने कमी असल्यामुळे तिकडे हल्लेखोरांचे लक्षही कमी गेले, हेही तितकेच खरे.

आज निवड कशी करावी?

दोन गोष्टींनी आज हा वाद पुष्कळ सौम्य केला आहे. पहिली म्हणजे युनिकोड सर्वत्र रुळले. दुसरी म्हणजे पुष्कळशी कामे ब्राउझरमध्ये होऊ लागली. नागरी कामांच्या संगणकीकरणात कल्याण-डोंबिवली महापालिका राज्यात आघाडीवर होती आणि तिचा नमुना पुढे इतर नागरी संस्थांसाठी वापरला गेला. मालमत्ता कर भरण्यासाठी नागरिकाकडे कोणती कार्यप्रणाली आहे याला आता महत्त्व उरलेले नाही. ज्या इंटरनेट एक्स्प्लोररसाठी कित्येक संकेतस्थळे बांधली गेली होती, तो मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला.

तरीही निवड करावीच लागते, कारण यंत्रांना वय असते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची पुष्कळ यंत्रे धडधाकट असूनही तिला पात्र ठरत नाहीत. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. मॅकवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. ॲपलने २०२० पासून स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केली आणि २०२५ मधील टाहो ही आवृत्ती इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी शेवटची असल्याचे सांगितले आहे.

अशा वेळी 'सर्वांत चांगली प्रणाली कोणती' असे विचारण्यापेक्षा 'या घरात काम कोणते' असे विचारणे बरे. हिशेब, टॅली आणि डिजिटल स्वाक्षरीची कामे करणाऱ्याने विंडोजच घ्यावी. तेथे काटकसर अंगाशी येते. चित्रपट संकलन, संगीत किंवा मांडणीचे काम करणाऱ्याला आणि वारंवार दुरुस्ती नको असणाऱ्याला मॅकची किंमत पाच-सात वर्षांच्या वापरात परवडू शकते. मात्र रॅम किंवा डिस्क पुढे वाढवता येणार नाही असे धरूनच ती खरेदी करावी. आणि ज्या घरात संगणकाचा उपयोग पत्रलेखन, वाचन, बँकेची कामे आणि नातवंडांशी पडद्यावर बोलणे एवढाच आहे, तेथे २०१५-१६चे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. पेनड्राइव्हवरून ते यंत्रात काहीही न बदलता चालवून पाहता येते. मुद्रक, वायफाय आणि कॅमेरा चालतो का, एवढे तपासावे आणि मग ठरवावे. जुनी डिस्क बदलून एसएसडी बसवल्यास अशा यंत्राचा वेग पुष्कळ वाढतो.

फाइल उघडेल का?

निवड कोणतीही करा, एक काम मात्र तिन्ही पक्षांच्या लोकांनी करायला हवे आणि जुने यंत्र बंद पडण्यापूर्वीच करायला हवे. ते म्हणजे जुन्या मराठी फाइलींचा शोध. संस्थेची घटना, सोसायटीचे ठराव, वडिलांचे आत्मकथन, छापलेल्या संग्रहाची मूळ प्रत असे जे काही जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहे, ते युनिकोडमध्ये आणून ठेवावे. त्यासाठी रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. मात्र कोणत्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला होता, हे आधी ठाऊक असावे लागते. रूपांतरात रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे चुकतात. तेव्हा मूळ छापील प्रत समोर ठेवून ते वाचून घेणे आवश्यक आहे. रूपांतर जमत नसेल, तर निदान तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर त्या फाइलीची पीडीएफ करून ठेवावी. अक्षरे त्यात शोधता येणार नाहीत, पण वाचता तरी येतील.

पुढच्या लेखनासाठीही हाच नियम. मजकूर युनिकोडमध्ये असावा, फॉन्ट मुक्त परवान्याचा असावा आणि फाइल अशा स्वरूपात जपावी की जी एकाहून अधिक कंपन्यांच्या आज्ञावल्या उघडू शकतील. एवढे पाळले, तर आज विंडोजवर, उद्या मॅकवर आणि परवा लिनक्सवर जाताना काही हरवत नाही. प्रणाली बदलण्याचे स्वातंत्र्य प्रणाली देत नाही. ते आपण मजकूर कसा जपला यावर ठरते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. या संस्था जन्मल्या त्या काळात छापलेले पुस्तक आजही कपाटातून काढून वाचता येते. ते कोणत्या छापखान्याच्या कोणत्या यंत्रावर छापले, हे वाचकाला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. याच शहरांत १९९८ साली संगणकावर जुळवलेल्या एखाद्या स्मरणिकेची फाइल मात्र आज उघडेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नवे यंत्र घेण्याआधी घरातल्या जुन्या फाइलींपैकी एक उघडून पाहावी. ती वाचता आली, तर दुकानात जाऊन निश्चिंतपणे निवड करावी. वाचता आली नाही, तर खरेदी महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल. ती फाइल मात्र आधी सोडवावी.